चप्पल उलटी करून बघा

आमच्या लहानपणी दारात कुणाची चप्पल उलटी पडलेली दिसली, की आजी आतून ओरडायची, "आधी ती सरळ कर गं, घरात भांडणं होतात!" तो धाक इतका मनात बसला, की चपलेचा तळ ही बघायची गोष्ट आहे असं आयुष्याची पंचेचाळीस वर्षं मला कधी वाटलंच नाही. दुकानात गेलं की पट्टा बघायचा, रंग बघायचा, साडीवर जाईल का ते बघायचं आणि किंमत ऐकून तोंड वाकडं करायचं. तळ बघायचा तो फक्त नंबर वाचायला.

मग एक दिवस मी सायकलवरून पडले.

वाईपासून चार किलोमीटरवरच्या एका गावात मी शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शुगर बॉर्डरवर असल्याचं सांगितलं आणि "रोज काहीतरी व्यायाम करा" असं फर्मान काढलं. सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक, मधे वह्या. व्यायामाला वेळ कुठून आणायचा? शेवटी लेकीची कॉलेजला गेल्यापासून पडून असलेली सायकल बाहेर काढली. जाताना चार, येताना चार. व्यायाम झाला आणि वडापची वाट बघत उभं राहणं वाचलं. गावात थोडी चर्चा झाली, पण महिन्याभरात लोकांना सवय झाली.

आषाढातली गोष्ट. शाळा सुटली होती, रिमझिम चालू होती. ओढ्यावरचा पूल ओलांडला की तिथे जरासा चढ आहे. मी नेहमीप्रमाणे उभं राहून पायडलवर जोर दिला आणि उजवा पाय सर्रकन पुढे निसटला. पायडल गरकन फिरून नडगीवर बसलं. काय झालं ते कळायच्या आत मी आणि सायकल दोघी रस्त्याच्या कडेला. डबा घरंगळत गेलेला.

लोक धावले. चांगली माणसं होती, उठवलं, पाणी दिलं. पण प्रत्येकाकडे कारण तयार होतं. एक म्हणाला, "बाई, या वयात सायकल कशाला?" दुसरा म्हणाला, "साडी अडकली असणार." तिसऱ्याने रस्त्याला शिव्या घातल्या. घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना काय सांगितलं असेल? "शाळेच्या पायरीवरून पाय घसरला." चक्क खोटं! कारण खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून सायकल पुन्हा माळ्यावर गेली असती.

पडण्यात सँडलचा पट्टा तुटला होता. तो शिवायला बसस्टँडजवळ बसणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी पट्ट्याकडे बघितलंसुद्धा नाही. सँडल उलटी केली आणि अंगठा फिरवत म्हणाले, "बाई, पट्ट्याचं ऱ्हाऊ द्या. हा तळ बघा की. आरसा झालाय नुसता. ह्याच्यावर भांग पाडाल!"

खरंच. टाचेकडे नक्षी शिल्लक होती. पण चवड्याखाली, जिथे पायडल येतं नेमकं तिथे, तळ गुळगुळीत झाला होता. बोटं फिरवली तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटलं. कारण वयात नव्हतं, साडीत नव्हतं, रस्त्यात तर नव्हतंच. ते माझ्या पायाखाली होतं.

त्या दिवसापासून मला हा नादच लागला. आपल्या साध्या सायकलचं पायडल सपाट असतं. त्यावर पाय धरून ठेवणारं काहीच नसतं. ना पट्टा, ना कडी. पाय टिकतो तो दोनच गोष्टींवर: वरून पडणारा आपला भार आणि तळ व पायडल यांची एकमेकांवरची पकड. आपण उभं राहून जोर देतो किंवा खड्ड्यातून सायकल उसळते, तेव्हा भार क्षणभर मागेपुढे होतो. त्या क्षणी फक्त पकडच कामाची. पाऊस असेल तर तळ आणि पायडल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो. तळाला बारीक नक्षी असेल तर तिच्या कडा तो थर तोडतात, पाण्याला बाजूला व्हायला जागा मिळते. तळ गुळगुळीत असेल तर पाय पाण्यावर तरंगतो, म्हणजेच घसरतो.

माझा पुण्यातला भाचा डोंगरातून सायकल चालवतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर हसेल असं वाटलं होतं. पण तो एकदम गंभीर झाला. "आत्या, आमच्याकडे तर यावर तासन् तास चर्चा चालते!" पुढच्या वेळी आला तेव्हा त्याने आपले बूट दाखवले. तळ सपाट, त्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी. त्याच्या सायकलच्या पायडलला धातूच्या छोट्या खिळ्या असतात. त्या रबरात रुततात आणि पाय जागचा हलत नाही.

या बुटांची गोष्टही मजेची आहे. १९८५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये चार्ल्स कोल या गिर्यारोहकाने 'फाइव्ह टेन' नावाची कंपनी काढली. कडे चढणाऱ्यांचा पाय खडकावरून निसटू नये म्हणून त्यांनी 'स्टेल्थ' नावाचं खास रबर वापरलं. पुढे डोंगरात सायकल चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की खडकाला धरणारं रबर पायडललाही धरेल. २०११ मध्ये 'आदिदास'ने ही कंपनी विकत घेतली. शर्यतीतले बरेच सायकलपटू बूट पायडलमध्ये खटक्याने अडकवूनच टाकतात. पण ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने सपाट पायडलवर, काहीही न अडकवता, २००६, २००७ आणि २०१० साली डोंगरउतारावरच्या शर्यतीचं जगज्जेतेपद मिळवलं. म्हणजे आपली 'साधी' पायडलं काही कमी दर्जाची नाहीत. त्यांना साथ देणारा तळ मात्र हवा.

"मग असले बूट मलाही घेऊ का?" मी विचारलं. किंमत ऐकून पहिल्यांदा बसले. मग भाच्याने खरी मेख सांगितली. जे रबर सर्वांत छान धरतं, ते मऊ असतं आणि मऊ रबर लवकर झिजतं. त्याच्या बुटाच्या तळाला खिळ्यांनी भोकं पाडली होती. मला लगेच वर्गातलं खोडरबर आठवलं. मऊ खोडरबर कागदाला छान धरतं, पण महिन्यात संपतं. जुनं कडक झालेलं खोडरबर वर्षभर पुरतं, पण कागदावरून नुसतं सरकतं. चपलेचं अगदी तसंच. पकड आणि टिकाऊपणा या दोघी सख्ख्या जावा. एकीला झुकतं माप दिलं की दुसरी रुसते. आपल्याला मधली वाट शोधायची असते.

ती वाट मी आमच्या काकांकडूनच शिकले. त्यांनी वेगवेगळे तळ हातात देऊन समजावलं.

स्वस्त सँडलना आणि मुलांच्या काळ्या शाळेच्या बुटांना बहुतेक वेळा पीव्हीसीचा तळ असतो. तो कडक, झिजतो हळू, पण ओला झाला की दगा देतो. हलक्याफुलक्या फोमच्या चपला, ज्यांना ईव्हीए म्हणतात, पायाला मऊ लागतात. पण चवड्याखाली लवकर दबतात आणि नक्षी पुसून जाते. पीयूचा तळ हलका आणि चालायला चांगला, पण त्याचा एक दुर्गुण आहे. दमट हवेत तो वर्षानुवर्षं नुसता ठेवला तरी आतून कुजत जातो. लग्नातली ठेवणीतली सँडल पाच-सहा वर्षांनी काढावी आणि दोन पावलांत तिचा भुगा व्हावा, हा अनुभव तुमच्यापैकी कितीजणींना आला असेल! त्यात तुमची काही चूक नसते. टायरच्या वहाणा झिजता झिजत नाहीत, पण जड आणि वाकायला कडक. सायकलसाठी काकांचं मत पडलं खऱ्या रबराच्या किंवा टीपीआरच्या तळाला. टीपीआर म्हणजे रबरासारखं लवचिक असणारं मटेरियल. आणि सगळ्यात स्वस्त उपाय? पी.टी.च्या तासाचे कॅनव्हासचे बूट! सपाट रबरी तळ, बारीक नक्षी, पाय पूर्ण झाकलेला. पावसात भिजतात हा एकच तोटा.

दुकानात ओळखायचं कसं? तळात नख दाबा. रबर दबतं आणि पुन्हा वर येतं. कडक प्लॅस्टिकवर नखच घसरतं. घरी आल्यावर चपलेत हात घालून ती ओल्या फरशीवर दाबा आणि पुढे ढकला. हाताला अडल्यासारखं लागलं तर ठीक. सुळकन गेली तर ती लग्नकार्याला ठेवा, सायकलला नको. खोल खोल खाचांच्या तळाला भुलू नका. त्या चिखलात चालायला चांगल्या. पायडलवर मात्र जितका तळ टेकेल तितकं बरं, म्हणून सपाट आणि बारीक नक्षीचा घ्या. तळ मधोमध सहज दुमडला जात असेल तर पायडल तळव्याला टोचतं आणि पाय लवकर दमतो. उंच टाच तर नकोच. टाचेच्या चपलेत आपण नकळत पायाचा मधला खोलगट भाग पायडलवर ठेवतो. पायडलवर यायला हवा तो चवडा. आणि मागे पट्टा हवाच. नुसत्या अंगठ्यावर चप्पल सांभाळायची, तोल सांभाळायचा आणि मागून येणारा ट्रकही सांभाळायचा, एवढी कामं एका पायाला सांगू नयेत.

काकांनी माझ्या सँडलचा गुळगुळीत भाग रापीने खरवडला, सुलोचन लावून त्यावर रबराचा पातळ तळ चिकटवला आणि कडेने शिवण घातली. नवीन सँडलच्या किमतीच्या पावपटसुद्धा खर्च आला नाही. दुसऱ्या दिवशी पुलाचा चढ चढताना जाणवलं, की इतके दिवस मी पायाची बोटं आवळून सायकल चालवत होते. आज ती सैल होती.

इथपर्यंत ही माझी गोष्ट होती. पण लेख लिहावासा वाटला तो पुढच्या प्रसंगामुळे.

त्याच पावसाळ्यात आमच्या नववीतली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. मैत्रिणींनी सांगितलं, "बाई, ती सायकलवरून पडली. हनुवटीला टाके पडलेत." पाचव्या दिवशी मी तिच्या वस्तीवर गेले. आई भाकऱ्या थापत होती. मला बसायला पोतं टाकलं आणि काही विचारायच्या आधीच म्हणाली, "बाई, सायकल बंद केली मी तिची. पोरीच्या जातीला तोंडावर खूण राहिली तर कसं व्हायचं? तिच्या बापाचं म्हणणं हाय, न्हाई झेपत तर कशाला चालवायची."

"मग शाळेला कशी येणार?"

ती काहीच बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटली. ती वस्ती रस्त्यापासून आत आहे, तिथे वडाप येत नाही. सायकल बंद म्हणजे काय बंद, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी मुलीला म्हटलं, "तुझी सँडल आण बघू." ती बावरली. आणली. मी ती उलटी केली. उजवा तळ झिजलेला होता. पण डाव्याचं पुढचं टोक? सुरीने तासल्यासारखं तिरकं उतरलेलं. चवड्याखाली नक्षीचा मागमूस नाही.

"ब्रेक लागत नाहीत का गं?"

तिने आईकडे बघितलं, मग खाली. "मागचा लागत न्हाई बाई. पुढचा दाबला की सायकल उलटती म्हणतात, म्हणून मी पाय घासून थांबवती."

म्हणजे कित्येक महिने ही मुलगी ब्रेकचं काम सँडलकडून करून घेत होती. त्यात तळ गुळगुळीत झाला आणि पावसात पायडलवरून पाय निसटला. चपलेचा तळ म्हणजे सायकलची कुंडलीच! टोक घासलेलं असेल तर ब्रेक तपासा. चवड्याचा आतला भाग किंवा एकच बाजू जास्त झिजली असेल तर पायडल वाकडं झालंय का बघा.

"मग घरी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सायकलच बंद केली असती."

मैत्रिणींनो, मला एकदम 'शाळेच्या पायरीवरून' पडलेली मी आठवले. पंचेचाळीस वर्षांच्या बाईने जे केलं, तेच चौदा वर्षांच्या पोरीने केलं होतं. मुलाची सायकल बिघडली की आपण सायकल दुरुस्त करतो. मुलीची बिघडली की मुलीलाच घरी बसवतो. मग मुली बिघाड लपवायला शिकतात. आणि लपवलेला बिघाड एक दिवस हनुवटीवर उमटतो.

त्या संध्याकाळी मी घरी ह्यांना खरं काय ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग तुझ्या सायकलचे ब्रेक कोणी बघितलेत का?" कोणीच बघितले नव्हते! रविवारी ते स्वतः माझी सायकल दुकानात घेऊन गेले. मीही त्या मुलीला आणि तिच्या भावाला सायकलसकट बोलावलं. ब्रेकची चारही रबरं बदलली, केबल आवळली. पुढचा ब्रेक एकटाच जोरात दाबायचा नाही, दोन्ही ब्रेक मिळून हलके हलके दाबायचे, हे दुकानदाराने तिला मैदानात चालवून दाखवायला लावलं. पायडलचं रबर उन्हाने कडक होऊन तडकलं होतं, तीही जोडी बदलली. तिचा भाऊ डावं पायडल उलटं फिरवून का बसवतात ते बघत राहिला. डाव्या पायडलचे आटे मुद्दाम उलटे असतात, नाहीतर ते चालवता चालवता सुटून येईल. नवीन पायडलला लगेच पैसे नसतील तर जुन्या ट्यूबची पट्टी पायडलवर घट्ट गुंडाळून बांधली तरी रबराला रबर चांगलं धरतं, हा दुकानदाराचा सल्लाही लक्षात ठेवा. पट्टीचं टोक मात्र लोंबता कामा नये. सँडल काकांनी करून दिली.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी सायकल स्टँडवर उभी राहिले आणि एकेका मुलीला चप्पल उलटी करायला लावली. आधी खूप हशा झाला. "बाई, भांडण होईल!" पण निम्म्याहून जास्त तळ गुळगुळीत निघाले, तसा हशा कमी झाला. आता आमच्या शाळेत दर जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर हा कार्यक्रम असतो. त्याच वेळी ब्रेकही बघतो. नाडीच्या बुटांची नाडी आत खोचायची, नाहीतर ती साखळीत जाते, हेही सांगतो.

तळ जास्त दिवस टिकावा म्हणून काही साध्या गोष्टी करता येतात. भिजलेले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका. चिकटवलेलं सुटतं आणि रबर कडक होतं. आत रद्दी कोंबून वाऱ्यावर ठेवा. साखळीचं तेल तळाला लागलं तर साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासा. तेलकट तळाची पकड पहिली जाते. शक्य असेल तर सायकलची चप्पल वेगळी ठेवा. शाळेत, ऑफिसात गेल्यावर नेहमीची घाला. आणि तळ पूर्ण सपाट व्हायची वाट न बघता नक्षी पुसट व्हायला लागली की काकांकडे जा. तोवर वरची चप्पल धड असते, तळ बदलून ती आणखी दोन पावसाळे काढते.

त्या मुलीच्या आईचं सांगायचं राहिलं. ती लगेच तयार झाली असं नाही. दोन दिवस "पाऊस उघडू दे मग बघू" चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली, सायकलवर, हनुवटीला पट्टी लावून. आठवड्याने बाजारच्या दिवशी आई मला बसस्टँडजवळ भेटली. इकडेतिकडे बघत हळूच पायातली चप्पल काढली आणि उलटी करून माझ्यापुढे धरली.

"बाई, माझ्या बी चपलेला लावतील का वो असला तळ? बांधावरनं जाताना लई घसरतं. गेल्या साली दोनदा पडले."

"मग कुणाला सांगितलं नाहीस?"

ती नुसती हसली. आम्ही दोघी काकांकडे गेलो.